माशांच्या खाद्यात यीस्ट का मिसळतात? वाढ, आजार आणि शेततळ्याचा हिशोब

पावाला जाळी पाडणारं आणि उसाच्या मळीपासून इथेनॉल तयार करणारं यीस्ट माशांनाही खाऊ घातलं जातं. तयार मत्स्यखाद्याच्या पोत्यावर, दुकानातल्या ‘ग्रोथ प्रमोटर’च्या डब्यावर आणि मत्स्यशेतीच्या व्हिडिओंमध्ये हा शब्द हल्ली वरचेवर दिसतो. यीस्टमुळे मासे झपाट्याने वाढतात, त्यांची प्रतिकारशक्ती वाढते, मर कमी होते, असं सांगितलं जातं.

यात तथ्य किती? प्रयोगांमध्ये काय दिसलं? आणि मराठवाड्यातल्या शेततळ्यात चार-पाचशे मासे पाळणाऱ्या शेतकऱ्याला हा खर्च परवडतो का?

नांदूरघाटच्या शेततळ्यात हा प्रश्न का महत्त्वाचा?

नांदूरघाट हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं गाव. बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा परिसर. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही दरवर्षी वेळेवर पडेल याची खात्री नाही. लातूर शहराला पाणी देणारं मांजरा धरण याच केज तालुक्यात धनेगावला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं.

त्याच वर्षी राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली. शेततळं खणलं ते पिकाला, फळबागेला संरक्षित पाणी मिळावं म्हणून. पण पाणी साठलंच आहे तर त्यात मासेही वाढवावेत, असा विचार अनेक शेतकऱ्यांनी केला. २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेने गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीला अनुदानाचा आधार दिला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णयही घेतला.

मात्र कोरडवाहू भागातल्या शेततळ्याला एक मोठी अडचण असते, ती म्हणजे मुदत. मत्स्यबीज पावसाळ्यात मिळतं. तळं भरलं की ते सोडायचं आणि उन्हाळ्यात पाणी तळाला जाण्याआधी मासे काढायचे. मध्ये हातात सात-आठ महिने मिळतात. त्यातही डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाणी गार होतं, माशांची भूक मंदावते आणि वाढ रेंगाळते. आंध्र प्रदेशात बारमाही पाण्याच्या मोठ्या तळ्यांत मासा दीड-दोन किलोचा होईपर्यंत थांबता येतं. इथे मार्च-एप्रिलमध्ये मासा अर्धा किलोचा असला तरी बाजारात न्यावाच लागतो.

म्हणूनच ‘वाढ लवकर होईल’ असं सांगणारी कोणतीही पुडी इथल्या शेतकऱ्याला आकर्षक वाटते. त्यातली कोणती कामाची आणि कोणती नुसतीच खर्चाची, हे कळण्यासाठी आधी यीस्ट समजून घ्यावं लागेल.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. तिच्या शेकडो जाती आहेत. मत्स्यखाद्यात सर्वाधिक वापरली जाणारी जात म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. किराणा दुकानात किंवा बेकरी सामानाच्या दुकानात मिळणारं पावाचं यीस्ट हेच. बिअरच्या कारखान्यातलं आणि डिस्टिलरीतलं यीस्टही बहुतेक वेळा याच जातीचं असतं. सॅकरोमायसिस या नावाचा अर्थच मुळी ‘साखरेवरची बुरशी’ असा होतो.

वाळवलेल्या यीस्टमध्ये साधारण ४० ते ५५ टक्के प्रथिनं असतात. लायसिन हे अमिनो आम्ल चांगल्या प्रमाणात असतं, मेथिओनिन मात्र कमी पडतं. ब गटातली जीवनसत्त्वं भरपूर असतात. त्याशिवाय दोन गोष्टी अशा असतात, ज्यांच्यामुळे मत्स्यशास्त्रज्ञांना यीस्टमध्ये विशेष रस वाटतो. त्या म्हणजे पेशीची भिंत आणि न्यूक्लिक आम्लं.

पेशीची भिंत मुख्यतः बीटा-ग्लुकन आणि मॅनन या शर्करांच्या लांबलचक साखळ्यांची बनलेली असते. सुक्या वजनाचा बराच मोठा वाटा या भिंतीचाच असतो. आजारांपासून संरक्षणाचे जे दावे केले जातात, त्यांचा संबंध प्रामुख्याने या भिंतीशी आहे.

उसाचा आणि यीस्टचा संबंध

बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्या उसापासून साखर काढल्यावर कारखान्यात जी काळी, घट्ट मळी उरते, तीच यीस्टचं आवडतं खाद्य आहे. पावाचं यीस्ट औद्योगिक पातळीवर वाढवलं जातं तेही मुख्यतः मळीवरच. डिस्टिलरीत हेच यीस्ट मळीतली साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं.

अल्कोहोल काढून घेतल्यावर यीस्टच्या पेशी मागे राहतात. बिअरच्या कारखान्यात तर प्रत्येक घाण्यानंतर टाकीच्या तळाशी यीस्टचा थर साचतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींमध्ये बिअरचे मोठे कारखाने आहेत, तिथेही हे उपउत्पादन निघतं. ते नीट धुऊन, कडवटपणा काढून वाळवलं की त्याचं पशुखाद्य आणि मत्स्यखाद्य बनू शकतं.

डिस्टिलरीच्या टाकीतला ओला गाळ मात्र थेट तळ्यात टाकण्याची गोष्ट नाही. त्यात मळीतले क्षार आणि इतर घटक असतात, त्याची प्रत प्रत्येक खेपेला बदलते आणि उघड्यावर ठेवला तर तो काही तासांत नासायला लागतो. तळ्यात टाकलेला असा गाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो. फुकट मिळालेलं खाद्य मग सगळ्या तळ्याला महागात पडतं.

बाजारात ‘यीस्ट’ या नावाखाली काय काय मिळतं?

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. एकाच नावाने चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि चौघींचं काम वेगळं आहे.

पहिली, जिवंत यीस्ट. पावाचं कोरडं यीस्ट किंवा प्रोबायोटिक म्हणून विकलं जाणारं यीस्ट. माशाच्या आतड्यात ते काही काळ जिवंत राहून काम करेल, अशी अपेक्षा असते.

दुसरी, निर्जीव सुकं यीस्ट. बिअरच्या कारखान्यातलं वाळवलेलं यीस्ट या प्रकारातलं. यातून प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि पेशीभिंतीचे घटक मिळतात. मासळीच्या भुकटीचा काही भाग वाचवण्यासाठी ते जास्त प्रमाणातही वापरता येतं.

तिसरी, यीस्टची फक्त पेशीभिंत किंवा तिच्यातून वेगळे काढलेले घटक. डब्यावर ‘बीटा-ग्लुकन’, ‘मॅनन ऑलिगोसॅकराइड’ किंवा नुसतं ‘एमओएस’ असं लिहिलेलं असतं. हे अगदी थोड्या प्रमाणात द्यायचं असतं.

चौथी, यीस्टचा अर्क. म्हणजे पेशी फोडून मिळवलेला आतला भाग. यात न्यूक्लिओटाइड आणि चव आणणारे घटक असतात. त्यामुळे मासे खाद्य आवडीने खातात.

शिवाय खास कामांसाठी वाढवलेली यीस्टही असतात. सेलेनियम हे खनिज सामावून घेतलेलं यीस्ट त्यातलंच. फाफिया नावाचं लालसर यीस्ट अस्टॅक्झँथिन हे रंगद्रव्य तयार करतं. ते सामन माशाच्या मांसाला गुलाबी रंग यावा म्हणून खाद्यात घालतात. रोहू-कटल्याला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून डब्यावर नुसतं ‘यीस्ट’ असं लिहिलं असेल तर तो डबा काय काम करणार, हे सांगता येत नाही. जिवंत पेशी असतील तर एका ग्रॅममध्ये किती, आणि ग्लुकन असेल तर किती टक्के, हे लेबलवर असायला हवं.

यीस्ट माशाच्या शरीरात काय करतं?

माशांनाही आपल्यासारखी दोन प्रकारची प्रतिकारशक्ती असते. एक जन्मजात आणि दुसरी एखाद्या जंतूशी ओळख झाल्यावर तयार होणारी. माशांची, त्यातही लहान पिल्लांची, भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवर जास्त असते. शिवाय तळ्यातल्या शेकडो माशांना एकेक पकडून लस टोचणं व्यवहार्य नसतं.

बीटा-ग्लुकन माशाच्या शरीरात तयार होत नाही. ते बुरशीच्या भिंतीत असतं. त्यामुळे ते आतड्यात आलं की माशाच्या संरक्षक पेशी त्याला परक्याची खूण समजतात. बुरशी घुसली असावी असं मानून या पेशी सावध होतात. जंतू गिळणाऱ्या पेशी जास्त सक्रिय होतात, रक्तात लायसोझाइमसारखी जंतूंची भिंत फोडणारी द्रव्यं वाढतात. खरा जंतू आला तर पहारा आधीच जागा असतो.

मॅननचं काम वेगळं आहे. काही रोगकारक जिवाणू आतड्याच्या पेशींवरच्या शर्करांना आकड्यासारखे धागे अडकवून चिकटतात. मॅननची रचना त्या शर्करांसारखीच असते. जिवाणू आतड्याऐवजी मॅननला चिकटतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात.

न्यूक्लिक आम्लं नव्या पेशी तयार होण्यासाठी लागतात. वेगाने वाढणाऱ्या पिल्लांना आणि सतत नव्याने तयार होणाऱ्या आतड्याच्या अस्तराला त्यांचा उपयोग होतो. माणसाने यीस्ट जास्त खाल्लं तर न्यूक्लिक आम्लांमुळे युरिक आम्ल वाढतं. माशांच्या यकृतात मात्र युरिक आम्लाचं पुढे विघटन करणारं युरिकेज हे विकर असतं. त्यामुळे मासे यीस्ट माणसापेक्षा सहज पचवतात.

डेबॅरिओमायसिस हॅन्सेनी नावाचं यीस्ट तर माशांच्या आतड्यातच सापडतं. ते पॉलिअमाइन नावाची द्रव्यं तयार करतं. सीबास माशाच्या अगदी लहान पिल्लांना ते दिल्यावर त्यांच्या आतड्याची वाढ लवकर पूर्ण झाल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे.

प्रयोगांमध्ये काय दिसलं?

माशांवर यीस्टच्या ग्लुकनचा परिणाम ठळकपणे दिसला तो नॉर्वेत. तिथल्या संशोधकांनी १९९० मध्ये सामन माशांना यीस्टच्या भिंतीतलं ग्लुकन टोचून पाहिलं. त्या माशांनी काही जिवाणूजन्य रोगांना जास्त चांगला प्रतिकार केला. पुढे हेच घटक खाद्यातून देण्यावर जगभर काम सुरू झालं. जानेवारी २००६ पासून युरोपीय संघाने वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर पूर्ण बंदी आणली. त्यानंतर पर्यायांचा शोध आणखी वाढला.

अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पेंग ली आणि डेल्बर्ट गॅटलिन यांनी संकरित स्ट्राइप्ड बास माशांच्या खाद्यात बिअरचं यीस्ट १, २ आणि ४ टक्के मिसळून पाहिलं. २००३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यीस्ट खाल्लेल्या माशांची वाढ आणि स्ट्रेप्टोकोकस जिवाणूविरुद्धचा प्रतिकार सुधारल्याचं त्यांना दिसलं.

त्याच वर्षी मेक्सिकोतल्या संशोधकांचा तिलापियावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी खाद्यात फक्त ०.१ टक्के यीस्ट घातलं होतं. मासे दाटीत ठेवलेले असताना आणि खाद्यात प्रथिनं कमी असतानाही यीस्टचा फायदा दिसला, हे या प्रयोगाचं वैशिष्ट्य. इजिप्तमध्ये मोहसेन अब्देल-तव्वाब आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिलापियाच्या पिल्लांसाठी पावाच्या जिवंत यीस्टचं योग्य प्रमाण किलोमागे सुमारे १ ग्रॅम असं काढलं. त्यांनी एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूचा मुद्दाम संसर्ग घडवून प्रतिकारही तपासला होता. आपल्याकडच्या तळ्यांतल्या माशांच्या अंगावर जखमा आणि लाल चट्टे आणणारा हाच जिवाणू.

भारतात रोहूवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही पावाच्या यीस्टमुळे वाढ आणि प्रतिकारशक्तीचे निर्देशांक सुधारल्याचं दिसलं.

जास्त प्रमाणात यीस्ट वापरून मासळीची भुकटी वाचवण्याचे प्रयोग वेगळे. पोर्तुगालमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीबासच्या पिल्लांच्या खाद्यातली मासळीच्या भुकटीची निम्मी प्रथिनं बिअरच्या यीस्टने बदलली, तरी वाढीवर वाईट परिणाम झाला नाही. नॉर्वेत आता लाकडातल्या शर्करांवर टोरुला यीस्ट वाढवून ते सामनला खाऊ घालण्यावर संशोधन सुरू आहे. सोयाबीनच्या पेंडीमुळे सामनच्या आतड्याला येणारी सूज या यीस्टमुळे टळल्याचंही तिथे आढळलं.

मग सगळ्यांनीच यीस्ट का वापरू नये?

कारण हे निकाल सरसकट सगळीकडे लागू होत नाहीत. काही प्रयोगांत यीस्टने वाढीत काहीच फरक पडला नाही. त्यामागे काही ठोस कारणं आहेत.

एक म्हणजे माशाची जात. तिलापियाला जठर असतं आणि त्यातलं आम्ल अतिशय तीव्र असतं. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हे कार्प कुळातले मासे. त्यांना जठरच नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. यीस्टची जाड भिंत फुटली नाही तर आतलं प्रथिन नीट पचत नाही. त्यामुळे तिलापियावरचा आकडा जसाच्या तसा रोहूला लावता येत नाही.

दुसरं म्हणजे उष्णता. तरंगणारं दाणेदार खाद्य तयार करताना तापमान १०० अंशांच्या वर जातं. यीस्ट साधारण ५५-६० अंशांनाच मरायला लागतं. म्हणजे खाद्य बनवताना आत घातलेलं ‘जिवंत यीस्ट’ पोत्यात पोहोचेपर्यंत निर्जीव झालेलं असतं. त्याच्या भिंतीचा फायदा मिळू शकतो, जिवंत पेशींचा नाही. जिवंत यीस्ट द्यायचं तर ते खाद्य थंड झाल्यावर वरून लावावं लागतं.

तिसरं म्हणजे प्रमाण आणि कालावधी. संरक्षक पेशींना सतत जागं ठेवलं तर काही काळाने त्यांचा प्रतिसाद मंदावतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून शुद्ध ग्लुकन वर्षभर रोज देण्यापेक्षा ठरावीक काळ देऊन मध्ये खंड ठेवण्याची पद्धत आहे. मत्स्यबीज सोडल्यावर, जाळं फिरवल्यावर किंवा हवामान बदलताना माशांवर ताण येतो. अशा वेळी ते दिलं तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता जास्त.

चौथं म्हणजे पाणी. माशाला हवेसारखा श्वास घ्यायचा असतो तो पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर. कार्प माशांसाठी लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असणं चांगलं मानलं जातं. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर तळ्यात ऑक्सिजन कमी पडलेला असतो. अशा तळ्यात कितीही महागडं यीस्ट घातलं तरी मासे ते खाणारच नाहीत. तसंच, अंगाला चिकटणाऱ्या माशांच्या उवा यीस्टने जात नाहीत. लागलेला रोग यीस्टने बरा होत नाही. ते औषध नव्हे.

शेततळ्याचा हिशोब

३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद शेततळ्याचं पृष्ठफळ ९०० चौरस मीटर, म्हणजे साधारण ९ गुंठे. कार्प माशांची हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली सोडण्याची पद्धत धरली तर या तळ्यात ४५० ते ९०० बोटुकली बसतात.

समजा, ५०० बोटुकली सोडली, त्यातली ४०० जगली आणि हंगामाच्या शेवटी प्रत्येक मासा ६०० ग्रॅमचा झाला. एकूण उत्पादन २४० किलो. एक किलो मासा वाढायला १.८ किलो खाद्य लागलं, तर एकूण खाद्य ४३२ किलो. खाद्याचा दर किलोला ४५ रुपये धरला तर खर्च १९,४४० रुपये.

आता यीस्टमुळे हे प्रमाण १.८ वरून १.७ वर आलं असं धरू. तेवढ्याच माशांना ४०८ किलो खाद्य लागेल. वाचलं २४ किलो खाद्य, म्हणजे १,०८० रुपये.

खाद्यात १ टक्का यीस्ट घातलं असेल तर एकूण यीस्ट लागलं सुमारे ४ किलो. म्हणजे यीस्ट किलोला साधारण २६५ रुपयांपेक्षा स्वस्त मिळालं तरच पैसे वाचतील. किलोमागे १ ग्रॅम म्हणजे ०.१ टक्का यीस्टने तोच फरक पडत असेल, तर संपूर्ण हंगामाला सुमारे ४०० ग्रॅमच पुरेल आणि तोटा होण्याची शक्यता फारच कमी राहील.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावातले दर घालून हाच हिशोब कोणालाही करता येतो. त्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. एवढ्या लहान तळ्यात वाढीतला फायदा फार तर हजार-दीड हजार रुपयांचा असतो. त्यासाठी दोन-तीन हजारांचा ‘ग्रोथ प्रमोटर’चा डबा घेतला, तर मासे वाढूनही शेतकरी तोट्यात जातो.

खरा फायदा झाला तर तो मर कमी होण्यातून होतो. हंगामाच्या अखेरीस मेलेल्या माशाने सगळं खाद्य आधीच खाल्लेलं असतं. असे ६०० ग्रॅमचे २० मासे वाचले आणि किलोला १२० रुपये भाव मिळाला, तर १,४४० रुपये हातात येतात. म्हणून यीस्टकडे वजन वाढवणारी पावडर म्हणून बघण्यापेक्षा मरीविरुद्धचा स्वस्त विमा म्हणून बघणं जास्त व्यवहार्य आहे.

अस्तर असलेल्या तळ्यात काय वेगळं असतं?

मातीच्या तळ्यात शेण आणि खत घातलं की पाणी हिरवं होतं. त्यात सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी वाढतात, म्हणजेच प्लवंग. कटला मुख्यतः वरच्या थरातलं, रोहू मधल्या थरातलं आणि मृगळ तळातलं खाद्य खातो. या नैसर्गिक खाद्यातून माशांना बरीच जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात.

मराठवाड्यातल्या बऱ्याच शेततळ्यांना पाणी मुरू नये म्हणून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. पाण्याचा मातीशी संबंध येत नाही, तळातलं जीवन जवळपास नसतं आणि प्लवंगही कमी असतं. तिथे माशाचं पोट बाहेरून दिलेल्या खाद्यावरच अवलंबून राहतं. निव्वळ शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा दिला तर जीवनसत्त्वांची उणीव राहू शकते. अशा तळ्यात सुक्या यीस्टचा थोडा वाटा मातीच्या तळ्यापेक्षा जास्त उपयोगी ठरू शकतो.

बायोफ्लॉकच्या टाकीत गोष्ट आणखी वेगळी. तिथे गूळ किंवा मळी घालून पाण्यातच सूक्ष्मजीव वाढवले जातात आणि मासे तेच खातात. तिथे वरून आणखी यीस्ट देण्याचा फायदा कमी उरतो.

कसं द्यायचं?

पावाचं कोरडं यीस्ट वापरायचं असेल तर साधी पद्धत अशी. एक किलो खाद्यासाठी १ ते ५ ग्रॅम यीस्ट कोमट पाण्यात भिजवायचं. पाणी हाताला सुखद वाटेल इतकंच कोमट हवं, गरम पाण्याने यीस्ट मरतं. १०-१५ मिनिटांनी ते दाण्यांवर शिंपडून हलक्या हाताने कालवायचं. दाणे सावलीत सुकवायचे. वरून चमचाभर खाद्यतेल लावलं तर यीस्ट पाण्यात लगेच धुऊन जात नाही. असं खाद्य त्याच दिवशी संपवावं. ओलसर खाद्य साठवलं तर त्यावर बुरशी येते आणि बुरशीचं विष माशांच्या यकृताला घातक असतं.

गूळ, कोंडा आणि यीस्ट आंबवून ते मिश्रण तळ्यात ओतण्याची पद्धत कोळंबी पाळणाऱ्यांमध्ये रूढ आहे. त्यांच्याकडे पाण्यात हवा खेळवणारी यंत्रं चालू असतात. लहान शेततळ्यात ती नसतात. ढगाळ दिवशी असं मिश्रण ओतलं तर रात्रीतून ऑक्सिजन संपून सगळे मासे मरू शकतात.

फरक पडतो की नाही, हे स्वतः तपासण्याचा मार्गही सोपा आहे. तळ्यात जाळीचे दोन हापे बांधायचे. दोन्हींत सारख्या वजनाची, सारख्या संख्येची बोटुकली ठेवायची. एकात साधं खाद्य, दुसऱ्यात यीस्टचं. दर पंधरा दिवसांनी २०-२५ मासे काढून वजन करायचं, मेलेले मासे मोजायचे आणि वहीत लिहून ठेवायचं. दोन महिन्यांत उत्तर मिळतं.

मासा खाणाऱ्याला काही धोका आहे का?

बिअरच्या कारखान्यातलं यीस्ट खाल्लेल्या माशात दारू येते का, असा प्रश्न काही जणांना पडतो. तसं होत नाही. यीस्ट वाळवतानाच अल्कोहोल उडून जातं. यीस्ट माशाच्या शरीरात पचून त्याचं मांस बनतं. जी प्रतिजैविकं माशाच्या मांसात अवशेष म्हणून उरण्याची भीती असते, ती कमी वापरावी लागली तर खाणाऱ्याचा उलट फायदाच आहे.

आधी काय, नंतर काय?

सात-आठ महिन्यांच्या पाण्यात माशाचं वजन वाढवायचं असेल तर पहिला क्रम बीजाचा. बारीक मत्स्यजिऱ्याऐवजी बोटाएवढी, निरोगी बोटुकली सोडली तर मर कमी होते आणि वाढीचे दोन महिने हाताशी येतात. दुसरा क्रम संख्येचा, म्हणजे तळ्याला झेपतील तेवढेच मासे. तिसरा पाण्याचा आणि ऑक्सिजनचा. चौथा, योग्य प्रथिनांचं ताजं खाद्य वेळेवर आणि मोजून देण्याचा. या चार गोष्टी जमल्या की पाचव्या क्रमांकावर यीस्टचा विचार करायला हरकत नाही.

बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना याबाबत विचारायला जागा आहेत. जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय आहे, अंबाजोगाईजवळ आणि गेवराई तालुक्यातल्या खामगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था काम करते आणि माशांच्या पोषणाचा अभ्यास तिथे होतो. डबा विकत घेण्याआधी त्याच्या लेबलचा फोटो घेऊन यांच्यापैकी कोणालाही दाखवला तरी बरेच पैसे वाचू शकतात.